कॅम्बेलांचा भैरोबा

आबा, तुम्ही घेतलेलं आडनाव शेवटी एकदाचं कुणाच्या तरी कामाला आलं, हे सांगायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर चिडले तर लोक मलाच हसतात. भाऊ तर सरळ म्हणतो, ताई, लेट इट गो. त्याचं काय जातंय म्हणायला? तो त्या आडनावातच जन्मला. मला ते पाचव्या वर्षी अंगावर चढवलंत, शाळेच्या नव्या युनिफॉर्मबरोबर, आणि बसतंय की टोचतंय हे विचारायची तुमच्या घरात पद्धत नव्हती. मराठी आईनं शिकवली तेवढीच येते, कुठे चुकले तर समजून घ्या. समजून घेणं तुम्हाला कधी जमलं नाही, पण आता तुमच्याकडे वेळ आहे.

कॉव्हेंट्रीची ती शाळा आठवते का? उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मी आपल्या जुन्या आडनावाची होते, गावाच्या नावाला कर लावलेलं, साताऱ्याकडचं साधं आडनाव. टीचरला ते पूर्ण म्हणता यायचं नाही. ती अर्ध्यावर थांबायची आणि माझ्याकडे बघून हसायची, आणि मीही हसायचे, कारण मला वाटायचं तसंच ते म्हणायचं असतं. सप्टेंबरमध्ये पहिल्या दिवशी ती कॅम्बेल म्हणून हाक मारते. मी मजेत खिडकीबाहेर बघतेय. पुन्हा हाक. शेजारची मुलगी कोपर मारते. टीचर मला उभं करते आणि विचारते, तुला तुझं स्वतःचं नाव ठाऊक नाही का? सगळा वर्ग खिदळतो. घरी येऊन मी रडत रडत सांगितलं तेव्हा आई चपात्या लाटत होती आणि तुम्ही सिंकपाशी हाताचं ऑइल घासून काढत होता. तुम्हाला हसू आलं. हात पुसत म्हणालात, "कुणी विचारलं तर सांगायचं, आम्ही पहिल्यापासून कॅम्बेलच." मी विचारलं, आणि ते दुसरं? तुम्ही म्हणालात, ते मेलं. त्यानंतर ते आडनाव त्या घरात कुणी उच्चारलं नाही. गावाकडे भावांशी तुमचं आधीच वाजलं होतं, पत्रंही बंद झाली. आईनं तेवढा एक भैरोबाचा टाक राखला, गावच्या कुलदैवताचा, चांदीचा, अंगठ्याएवढा. तोही देव्हाऱ्यात नाही, किचनच्या कपाटात चहाच्या डब्यामागे. तुम्ही कामावर गेलात की ती डबा सरकवायची, हळद-कुंकू लावायची आणि डबा परत जागेवर ठेवायची. मी बघते आहे हे तिला ठाऊक होतं.

नाव का बदललंत हे तुम्ही आल्यागेल्याला रंगवून सांगायचात. कारखान्यात टूलरूमची जागा निघाली की तुम्ही अर्ज करायचात आणि दर वेळी उत्तर यायचं, जागा भरली. मग सॉलिसिटरकडे जाऊन आडनाव बदललंत, दुसऱ्या कंपनीत अर्ज टाकलात आणि लगेच बोलावणं आलं. साहेबानं दार उघडलं आणि तुमच्या खांद्यावरून मागे बघायला लागला, कॅम्बेल कुठे राहिला म्हणून! इथे तुम्ही मांडीवर थाप मारायचात. पाहुणे लोटपोट हसायचे. आई पाण्याचे ग्लास गोळा करायला उठायची. खरं सांगू? इथवर माझा तुमच्यावर राग नाही. नोकरी मिळाली, घर झालं, आम्ही शिकलो. पोटासाठी माणूस काय काय करतो, तुम्ही नाव बदललंत. पण ते नाव तुम्ही कामावरच्या ओव्हरऑलसारखं घरी येऊन काढून ठेवलं नाहीत, आणि तिथून सगळं बिघडलं.

पहिल्या कारखान्यात दोन कॅम्बेल होते, हे तुम्हीच सांगितलंत. एक स्कॉटिश फोरमन, आणि दुसरा पेंट शॉपमधला जमैकन. मी विचारलं होतं, तुम्ही कुणाचं घेतलंत? तुम्ही म्हणालात, फोरमनचं; घ्यायचं तर हुद्दा बघून घ्यावं. मग एकदा, जुन्या ओळखीवर, तिथल्या ख्रिसमसच्या पार्टीला आम्हाला घेऊन गेलात. तो जमैकन माणूस केवढा उंच, केवढा मोकळा! वाकून त्यानं माझ्यापुढे हात केला आणि म्हणाला, हॅलो, कझिन. मला इतका आनंद झाला की इथे आपलं कुणीतरी निघालं. मी हात पुढे करते आहे, तोवर तुम्ही माझं कोपर धरून मला मागे ओढता. तुमचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं, वास आल्यासारखं. गाडीत म्हणालात, त्याचा आपला काय संबंध. फोरमनचा होता म्हणे संबंध. त्या फोरमननं तुम्हाला कधी चहाला बोलावलं नाही, पण तुम्ही मात्र कोच ट्रिपनं एडिनबरोला जाऊन माझ्या अठराव्या वाढदिवसाला लोकरी स्कार्फ आणलात, गडद निळ्या-हिरव्या चौकड्यांचा, कॅम्बेलांचा टार्टन. कागद सोडवून स्वतःच्या हातानं माझ्या गळ्यात घातलात आणि म्हणालात, हे आपल्या घराण्याचं. आई माझ्याकडे बघेना. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं ती स्वतःशीच पुटपुटली, आणि नेमकं तेवढं तुम्हाला ऐकू गेलं नाही.

मग मी लेस्टरला युनिव्हर्सिटीत गेले आणि तो भेटला. लॅबमध्ये आडनावाच्या क्रमानं बसवायचे, म्हणून एका टेबलाशी दोन कॅम्बेल. तो स्कॉटलंडमधल्या आर्गाइलचा, त्याचे वडील फेरीबोटीवर कामाला. त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, तुम्ही कुठले कॅम्बेल? मी तुमचीच मुलगी, गंभीरपणे म्हणाले, आम्ही कॉव्हेंट्रीचे. तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, आणि मग लगेच म्हणाला की मी तुला नाही हसलो. आबा, मी त्या हसण्यावर भाळले. त्यात कुचकेपणा नव्हता. तोवर मला हसणारी माणसं दोनच प्रकारची माहीत होती, एक त्या वर्गातली आणि एक तुमच्या गोष्टीला हसणारी. तीन वर्षं आम्ही बरोबर होतो, आणि शेवटच्या वर्षी मी त्याला घरी आणलं.

तो दिवस मला तासातासानं आठवतो. आईनं पिठलं-भात केला होता, त्यानं दोनदा मागून घेतला. तुम्ही कपाटातली ठेवणीतली व्हिस्की काढलीत, त्याच्या गावाची चौकशी केलीत, त्याला आपला स्कार्फ दाखवलात. तो किती अदबीनं बघत होता. तो गेला आणि मी किचनमध्ये उभी राहिले, पदर खोचून म्हणतात तशी. तुम्ही काय काय म्हणाल ते सगळं मी पाठ करून ठेवलं होतं. गोरा आहे म्हणाल, परधर्माचा आहे म्हणाल, लोक काय म्हणतील म्हणाल. एकेका मुद्द्याला उत्तर तयार होतं. तुम्ही ग्लास विसळलात, पालथा घातलात आणि म्हणालात, "एका आडनावात सोयरीक होत नाही. भावकी लागते."

मला वाटलं चेष्टा करताय. मी हसले सुद्धा. तुम्ही हसला नाहीत. मग मी म्हणाले, अहो आबा, ते आडनाव तुम्ही सॉलिसिटरकडून आणलंय! तुम्ही म्हणालात, कुठून का आणलेलं असेना, आता आपलं आहे. आणि एकाच आडनावाच्या पोरापोरीचं लग्न लावलं तर लोक तोंडात शेण घालतील. कुठले लोक, आबा? कॉव्हेंट्रीत मराठी घरं होती किती? आणि त्यांतल्या कुणाला आपण कॅम्बेलांची भावकी वाटत होतो? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण तुम्ही तर सुंभ बदलून आणला आणि पीळ जुनाच घातलात.

मी लेस्टरला परत येऊन त्याला सांगितलं. त्याला आधी काही कळेचना. मग म्हणाला, एवढंच ना, तुझ्या वडिलांनी बदललं तसं मीही बदलतो, आईचं माहेरचं घेतो. इतकं सरळ. एका माणसानं माझ्यासाठी आपलं नाव टाकायची तयारी दाखवली होती, खरं नाव, आजा-पणजाचं, आणि ते सांगायला मी दुसऱ्याच दिवशी ट्रेननं घरी आले. तुम्ही तसेच किचनमध्ये, आई तशीच ओट्याशी. मी धापा टाकत सांगितलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "आडनाव बदलता येतं. कूळ बदलत नाही."

आबा, त्या वाक्यानंतर मी तुम्हाला जे विचारलं ते एवढंच होतं: मग आपलं कूळ कुठलं? आई लाटणं धरून थांबली. आडनाव बदलून कूळ बदलत नसेल तर आपण कॅम्बेल नाही, आणि कॅम्बेल नसू तर भावकी कसली, हे तुम्हाला न कळण्याइतके तुम्ही भोळे नव्हतात. टूलरूममध्ये केसाएवढी चूक पकडायचात तुम्ही. खुंटीवरचा कोट काढलात आणि बाहेर निघून गेलात. मला उत्तर कधीच मिळालं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

खरं कारण तुम्ही बोलला असतात ना, तर मी भांडले असते. गोरा नको म्हणाला असतात तर मी तुमचे सगळे गोरे साहेब बाहेर काढले असते. पण तुम्ही मला शास्त्र दिलंत. शास्त्राशी कसं भांडायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि आई आजारी पडली, आणि तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत. तो थांबला, बराच काळ थांबला. मग कॅनडात काम मिळालं म्हणून गेला. मी लेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये फार्मसीत लागले. तुम्ही स्थळं आणत राहिलात, नागपूरची, पुण्याची, बर्मिंगहॅमची, आणि मी प्रत्येकात खोट काढली. ते तुम्हाला उद्धटपणाचं वाटलं. तुम्ही गेलात तेव्हा फ्युनरलवाल्यानं फोनवर विचारलं, आडनाव कॅम्बेल आहे, तर बॅगपाइप वाजवणारा हवा का? मी नको म्हणाले. तुम्ही असतात तर हो म्हणाला असतात.

आता मुद्द्यावर येते. तुमच्या माघारी भावानं एका इंग्लिश मुलीशी लग्न केलं, आणि तिची मुलगी, तुमची नात, जी तुम्ही पाहिली नाहीत, ती बेसिंगस्टोकला आयटीत आहे. गोड पोर आहे. मला आत्या म्हणते, मराठीची पार चटणी करते पण बोलते, कुणी भरभर बोललं की मात्र तिला कळत नाही. तिला कॅम्बेल आडनावाचं भारी कौतुक. पूर्वी काहीतरी इंडियन आडनाव होतं, लांबलचक, एवढंच तिला ठाऊक आहे. तेवढंच तिच्या बापालाही. तुम्ही मारलेलं आडनाव आता फक्त माझ्या डोक्यात आहे. गेल्या उन्हाळ्यात ती मला हट्टानं आर्गाइलला घेऊन गेली. आपलं मूळ बघू म्हणे. मी गेले, कारण एवढ्या वर्षांत मी तिकडे कधी फिरकले नव्हते आणि का ते तिला सांगायचं नव्हतं.

एका तळ्याकाठच्या गावात छोटं म्युझियम होतं, त्यात एक खोली कॅम्बेलांची. माहिती सांगायला एक म्हातारी बाई, गावातलीच, स्वेटरवर नावाची पट्टी लावलेली. तिनं पहिलंच काय सांगितलं असेल? कॅम्बेल म्हणजे त्यांच्या जुन्या भाषेत वाकडं तोंड. कुणा पूर्वजाचं तोंड वाकडं होतं म्हणून. मला ख्रिसमसची पार्टी आठवली आणि मी इतक्या जोरात हसले की तुमची नात घाबरली. मग ती बाई म्हणाली, यांच्या काही लोकांनी शेजारच्या खोऱ्यात पाहुणचार घेतला आणि यजमानांनाच कापलं, म्हणून अजूनही तिकडे हे नाव सांगितलं की लोक तुटक वागतात. म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणारे. आबा, घ्यायचंच होतं तर जरा चौकशी करून घ्यायचं होतं.

पण खरं पुढे आहे. तुमच्या नातीनं विचारलं, हे सगळे एकाच रक्ताचे का? बाई म्हणाली, छे, छे. सरदार बलाढ्य, जमीन त्याची. त्याच्या आसऱ्याला जो आला, ज्यानं त्याची कुळवाडी केली, त्याची बाजू धरली, त्यानं त्याचं नाव लावलं. कुणी भीतीनं, कुणी ओट्सच्या पिठासाठी. जन्मानं कॅम्बेल थोडे, नाव घेतलेले पुष्कळ. भिंतीवर जगाचा मोठा नकाशा होता. आडनावाचे लोक जिथून आले तिथे त्यांनी टाचण्या टोचल्या होत्या. ग्लासगोभोवती तर कागद दिसत नव्हता. कॅनडा, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया. आणि जमैका. बाईनं आवाज उतरवला. म्हणाली, तिथे टाचण्या कमी आहेत कारण तिथून इथवर यायला कुणाला परवडत नाही. बाकी तिथे कुठेही हाक मारली तर एखादा कॅम्बेल मागे वळेल. इथून गेलेल्या मळेवाल्यांचं नाव त्यांच्या गुलामांना लागलं, ते तसंच राहिलं. मला तो उंच माणूस आठवला. त्याला ते नाव न विचारता चिकटवलेलं होतं, आणि तरी त्याच्याकडे मला कझिन म्हणण्याचं मन होतं. तुम्ही स्वखुशीनं घेतलेलं होतं आणि तुमच्याकडे नव्हतं.

मी बाईला एकच विचारलं. इथे कॅम्बेलची मुलगी कॅम्बेलला देतात का? तिला प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा विचारला तेव्हा हसून म्हणाली, सर्रास! उलट बरंच की, टॉवेलवर भरलेली नावाची अक्षरंसुद्धा बदलावी लागत नाहीत. आबा, मी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. माझं घर, माझी पोरंबाळं, माझं म्हातारपण, सगळं तुम्ही ज्या नियमावरून ओवाळून टाकलंत, तो नियम त्या आडनावाच्या गावात कुणाला ऐकूनसुद्धा माहीत नव्हता. मला रडू आलं नाही. तुम्ही समोर असता तर मी तुम्हाला हाताला धरून त्या म्हातारीपुढे उभं केलं असतं.

परतीच्या वाटेवर गाडीत नातीनं सांगितलं की तिचं एका मुलाशी जमलंय. ऑफिसातला, नागपूरचा, वर्क व्हिसावर आलेला. तिनं त्याचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. मी म्हणाले, परत सांग. तिनं परत सांगितलं, नीट, सगळंच्या सगळं, अर्ध्यावर न थांबता. आपलं आडनाव, आबा. मेलेलं. ती आपली लेन बदलत होती, तिला काही कळलं नाही. मग म्हणाली, फक्त एक आहे, त्याची आई येणार आहे भेटायला, आणि तिनं नाही म्हटलं तर तो करणार नाही. माझी मम्मी मराठी बोलत नाही, डॅडला धड येत नाही, तर तू बोल ना, आत्या.

त्या बाई गेल्या रविवारी माझ्याकडे जेवायला आल्या, लेकाला घेऊन. रिटायर्ड शिक्षिका, मायाळू, बोलघेवड्या. आल्या आल्या नातीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मुलगी अर्धी इंग्लिश आहे याचं त्यांना काही नव्हतं. किचनच्या टेबलाशी चहा घेताना मला म्हणाल्या, बघा नं ताई, आम्ही जात विचारत नाही, पत्रिका पाहत नाही. पण घरातली मोठी माणसं एकाच गोष्टीवर अडून बसतात. आडनाव एक नको अन् देव एक नको. आमचे लोक भोसल्यांबरोबर नागपूरला गेले, केव्हाच्या काळी, पण मूळ साताऱ्याकडचं. तिथला भैरोबा आमचा, अजून लग्नाआधी त्याला विचारून येतो. गावाचं नाव सांगितलं त्यांनी. मला सांगायची गरज नव्हती. त्यांच्या डोक्यावरच्या कपाटात, चहाच्या डब्यामागे, तोच बसला होता. आई गेल्यापासून माझ्याकडे आहे, त्याच जागी, सवयीनं.

मग त्यांनी विचारलं, "कॅम्बेल तर साहेबी नाव झालं. तुम्ही मूळचे कोण?"

मुलानं मान खाली घातली. त्याला प्रश्नाचा रोख कळत होता. तुमची नात कप हातात घेऊन उभी होती, मला विचारते, आत्या, काय विचारला ती? आबा, आता जे लिहिते ते तुम्हाला आवडेल. ते आडनाव माझ्या ओठावर आलं. खरं बोलावं म्हणून नव्हे. मला वाटलं, मला मिळालं नाही ते हिला का मिळावं? मी बसले ना आयुष्यभर, हिनंही बसावं. कूळ बदलत नाही, असं तुमच्याच आवाजात मला ऐकू आलं, आणि या वेळी ते खरंही होतं. माझं लग्न मोडायला तुमच्याकडे खोटी भावकी होती. हिचं मोडायला माझ्याकडे चांगली अस्सल होती, साताऱ्याची. एक शब्द टाकायचा होता.

मी म्हणाले, "आम्ही पहिल्यापासून कॅम्बेलच."

त्या म्हणाल्या, पहिल्यापासून म्हणजे? मग मी सांगितलं, जीभ न अडखळता, तुमच्यासारखी. म्हणाले, पणजोबा का खापरपणजोबा एका स्कॉटिश साहेबाच्या पदरी होते, दुष्काळात त्यानं घरादाराला खायला घातलं, म्हणून त्याचं नाव लावलं. त्याआधीचं कुणाला ठाऊक नाही. बाई हळहळल्या. अन् देव? मी म्हणाले, देवही तेव्हाच गेला. अरेरे, म्हणाल्या त्या, आणि लगेच चेहरा खुलला. मग तर काही अडचणच नाही! लेकानं डोळे पुसले. नातीला काही कळलं नाही, पण ती हसायला लागली, कारण सगळे हसत होते.

मग त्यांनी पर्समधून पुडी काढली. भैरोबाचा गुलाल, निघताना मुद्दाम गावावरून मागवलेला. नातीच्या कपाळाला लावला. आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचा देव नाही, पण लावते हं. परक्यालाही चालतं." मी मान पुढे केली. माझ्याच किचनमध्ये, माझ्याच देवाचा गुलाल मी परकी म्हणून लावून घेतला. ही किंमत तुमची होती, आबा, तुम्ही भरायला हवी होती. तुम्ही आम्हाला निराधार केलंत, आणि वर मला बजावलंत की कूळ बदलत नाही. लग्न वसंतात आहे. मी तो स्कार्फ तिला देणार आहे. तिला तो खरंच आवडतो, आणि तिच्या गळ्यात तो खोटा दिसत नाही. तुमचे आभार मानावेत असं एकदा मनात आलं, पण मी मानणार नाही.

हे पाकिटात घातलं आणि वर तुमचं नाव लिहायला घेतलं तर आडनावापाशी अडले. दोन्ही लिहवेनात. म्हणून ते तसंच कोरं, चहाच्या डब्यामागे ठेवते आहे, टाकाशेजारी. एक राहिलं. त्या दिवशी सगळे गेल्यावर मी डबा सरकवला, कपाळाचा गुलाल बोटावर घेतला, भैरोबाला लावला आणि त्याला आपली ओळख सांगितली. माझं पूर्ण नाव सांगितलं, जुन्या आडनावासकट. मधे तुमचं नाव येतं, ते गाळायचं असं ठरवूनच उभी राहिले होते. गाळलं नाही.